न पडलेल्या मतांचे शहर

नोव्हेंबर २०१६मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी विस्कॉन्सिन राज्य जिंकले आणि अमेरिकी राजकारणातले एक जुने गृहीत कोसळले. १९८४मध्ये रोनाल्ड रेगन यांना निवडून दिल्यानंतर या राज्याने अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिलेला नव्हता. मग वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून एकच कथा सांगितली जाऊ लागली. कारखाने बंद पडल्याने चिडलेला गोरा कामगार उठला, रांगेत जाऊन उभा राहिला आणि त्याने इतिहास घडवला. ही कथा खोटी नाही, पण दोन निवडणुकांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की ती अपुरी ठरते. ट्रम्प यांना विस्कॉन्सिनमध्ये १४ लाख ५ हजार २८४ मते मिळाली. त्याआधी २०१२मध्ये त्यांच्याच पक्षाचे मिट रॉम्नी याच राज्यात चांगल्या फरकाने हरले होते आणि त्यांना १४ लाख ७ हजार ९६६ मते मिळाली होती. म्हणजे जिंकलेल्या उमेदवाराची मते हरलेल्या उमेदवारापेक्षा कमी!

मग फरक पडला कुठे? तो पडला पलीकडच्या रकान्यात. बराक ओबामा यांना २०१२मध्ये १६ लाख २० हजारांवर मते होती, ती हिलरी क्लिंटन यांच्या वाट्याला येताना १३ लाख ८२ हजारांवर आली. त्यांतली काही ट्रम्प यांच्याकडे गेली, काही छोट्या पक्षांकडे गेली आणि काही कुठेच गेली नाहीत. क्लिंटन राज्यात हरल्या २२ हजार ७४८ मतांनी. आणि त्या राज्यातल्या एकट्या मिल्वॉकी शहरात २०१२च्या तुलनेत सुमारे ४१ हजार मते कमी पडली. हे शहर डेमोक्रॅटिक पक्षाला दर चार मतांतली तीन आणि वर थोडी अधिक देते. ती ४१ हजार मते नेहमीच्या प्रमाणात पडली असती, तर क्लिंटन यांची आघाडी बावीस-चोवीस हजारांनी वाढली असती. निकाल फिरला असता असे छातीठोकपणे कोणी सांगू नये. पण तो काट्यावर येऊन थांबला असता एवढे नक्की.

मिल्वॉकी हे मिशिगन सरोवराच्या काठावरचे, शिकागोच्या उत्तरेला दीड-दोन तासांच्या अंतरावरचे मध्यम आकाराचे शहर. २०२०च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ५ लाख ७७ हजार भरली. १९६०मध्ये ती ७ लाख ४१ हजार होती, यावरून शहराचा उतार लक्षात यावा. जर्मन स्थलांतरितांनी येथे बीअरचे कारखाने काढले. पाब्स्ट, श्लिट्झ, मिलर ही नावे मूळची इथली. १९०३मध्ये हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलचा जन्मही इथलाच. अवजड यंत्रे बनवणारी ॲलिस-चामर्स ही कंपनी हजारो कुटुंबांचा आधार होती, ती १९८७मध्ये दिवाळखोरीत गेली.

या शहराचा राजकीय कल आजचा नाही. अमेरिकेत समाजवाद हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, पण मिल्वॉकीने एकदा नव्हे, तीन वेळा समाजवादी महापौर निवडले. १९१०मध्ये एमिल सायडल आले. मोठ्या अमेरिकी शहराचे ते पहिले समाजवादी महापौर. डॅनियल होन यांनी १९१६पासून १९४०पर्यंत, म्हणजे सलग चोवीस वर्षे कारभार केला. आणि जोसेफ मॅकार्थी हे विस्कॉन्सिनचेच सिनेटर कम्युनिस्टांच्या शोधात साऱ्या देशाला वेठीला धरत होते, त्याच काळात फ्रँक झायडलर हे समाजवादी गृहस्थ १९४८ ते १९६० मिल्वॉकीच्या महापौरपदी होते. त्यांच्याच पंथातले क्रांतीची भाषा करणारे लोक या मंडळींना ‘गटारवाले समाजवादी’ म्हणून हिणवीत, कारण यांचा सारा भर सांडपाण्याच्या नळांवर, स्वच्छ पाण्यावर आणि बागांवर. गटारे मात्र उत्तम बांधली गेली. त्या शहरात मत देण्याचा आणि नळाला पाणी येण्याचा संबंध नागरिकाला डोळ्यांनी दिसत होता. हा संबंध पुढे कसा तुटला, हे पाहण्यासारखे आहे.

दक्षिणेतले कृष्णवर्णीय लोक उत्तरेच्या औद्योगिक शहरांकडे निघाले ते पहिल्या महायुद्धापासून. मिल्वॉकीत मात्र ते मोठ्या संख्येने पोहोचले दुसऱ्या महायुद्धानंतर. त्यांच्या वाट्याला कारखान्यांचा सुगीचा काळ जेमतेम एका पिढीचा आला. घरे मिळाली ती शहराच्या उत्तर भागातल्या ठरावीक वस्त्यांत. व्हेल फिलिप्स या १९५६मध्ये नगरपरिषदेवर निवडून आलेल्या पहिल्या महिला आणि पहिल्या कृष्णवर्णीय सदस्य. वर्ण पाहून घर नाकारण्याला बंदी घालणारा ठराव त्यांनी १९६२पासून वारंवार मांडला आणि दर वेळी त्याच्या बाजूने पडलेले मत एकच असे, त्यांचे स्वतःचे! १९६७मध्ये फादर जेम्स ग्रोपी या कॅथलिक धर्मगुरूच्या पुढाकाराने तरुण मुलांचे मोर्चे निघू लागले. उत्तरेकडची कृष्णवर्णीय वस्ती आणि दक्षिणेकडची पोलिश कामगारांची वस्ती यांच्यामध्ये सोळाव्या रस्त्याचा लांबलचक पूल आहे. हा जगातला सर्वांत लांब पूल, कारण तो आफ्रिका आणि पोलंड जोडतो, असा विनोद शहरात सांगत. त्या पुलावरून मोर्चे गेले, समोरून दगड-बाटल्या आल्या. सलग दोनशे रात्री हे चालले. १९६८मध्ये ठराव संमत झाला.

पण तोवर पोलंडही पुलापलीकडे थांबायला तयार नव्हता. अलाबामाचे वर्णभेदवादी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस १९६४मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी विस्कॉन्सिनमध्ये उतरले, तेव्हा याच दक्षिण मिल्वॉकीतल्या सभागृहात त्यांचे जोरदार स्वागत झाले आणि राज्यात त्यांना पक्षाच्या मतांपैकी तिसरा हिस्सा मिळाला. कामगार संघटनांचा, पिढीजात डेमोक्रॅटिक मतदार तो हाच. पुढच्या वीस-तीस वर्षांत ही कुटुंबे उपनगरांत गेली. मिल्वॉकीला वेढून वॉकशा, ओझॉकी आणि वॉशिंग्टन या तीन काउंट्या आहेत. रिपब्लिकन पक्षाची राज्यातली तटबंदी ती हीच. शहर जितके एका बाजूला झुकले, तितकी त्याच्या भोवतीची उपनगरे दुसऱ्या बाजूला. शहराच्या दैनिकाने २०१४मध्ये या दुभंगावर मोठी लेखमाला चालवली. देशातल्या महानगर परिसरांत इतकी राजकीय फाळणी क्वचितच कुठे असेल, असा तिचा निष्कर्ष होता.

शहराचा कल आपल्याला कळतो तो मात्र केवळ निकालावरून, ही विस्कॉन्सिनची खासियत सांगायला हवी. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत नाव नोंदवतानाच मतदार आपला पक्ष सांगतो. विस्कॉन्सिनमध्ये तशी नोंदच नाही. कोण कोणाचा, हे पेटी उघडल्यावर कळते. आणि जो पेटीपर्यंत आलाच नाही, तो कोणाचा हे कधीच कळत नाही.

उपनगरांतला माणूस मतदानाला हटकून जातो. ओझॉकी आणि वॉकशाची मतदानाची टक्केवारी राज्यातल्या सर्वाधिक टक्केवाऱ्यांत असते. शहराच्या उत्तर भागातल्या वस्त्यांत ती घसरते. आपल्याकडच्या वाचकाला हे उफराटे वाटेल. आपल्याकडे झोपडपट्टीतली आणि चाळीतली रांग मोठी असते, आणि उच्चभ्रू वस्तीतला मतदार लांबच्या सुट्टीला निघून जातो म्हणून संपादकांना चिडून लिहावे लागते. पण आपल्याकडे मतदार यादी करणे हे निवडणूक आयोगाचे काम. त्यासाठी माणूस घरोघर पाठवला जातो आणि मतदानाला सुट्टी असते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी यादीत नाव घालणे ही ज्याची त्याची जबाबदारी, आणि मतदान होते मंगळवारी, कामाच्या दिवशी. तासावर पगार घेणाऱ्या माणसाला दोन तासांची रांग फुकट पडत नाही.

विस्कॉन्सिनचे कायदे खरे तर या बाबतीत उदार समजले जात. मतदानाच्याच दिवशी केंद्रावर जाऊन नाव नोंदवण्याची सोय तिथे १९७६पासून आहे. राज्याची एकूण टक्केवारी देशात वरच्या क्रमांकांत राहते याचे तेही एक कारण. मात्र २०११मध्ये गव्हर्नर स्कॉट वॉकर यांच्या रिपब्लिकन सरकारने छायाचित्र असलेले ओळखपत्र सक्तीचे करणारा कायदा केला. न्यायालयांत अडकत अडकत तो अध्यक्षीय निवडणुकीला पहिल्यांदा लागू झाला २०१६मध्ये. त्याच कायद्याने आणखी एक बदल केला आणि त्याची चर्चा कमी झाली. मतदार ज्या पत्त्यावरून मत देतो, तिथे त्याने आधी दहा दिवस राहिलेले पुरत असे. ती मुदत अठ्ठावीस दिवसांची झाली.

अठ्ठावीस दिवस ऐकायला काहीच नाहीत. पण मॅथ्यू डेस्मंड या समाजशास्त्रज्ञाचे ‘इव्हिक्टेड’ हे २०१६चे पुस्तक ज्यांनी वाचले असेल, त्यांना त्याचा अर्थ उमगेल. हे पुलित्झर पारितोषिक मिळालेले पुस्तक मिल्वॉकीचेच आहे. भाडे थकले म्हणून, घरमालकाने ताकीद दिली म्हणून, घर राहण्याजोगे उरले नाही म्हणून शहरातली माणसे सतत सामान बांधत असतात. २००९ ते २०११ या काळात मिल्वॉकीतल्या भाडेकरूंपैकी आठांत एकाहून अधिकांवर अशी नाइलाजाची घरबदल ओढवली, असे डेस्मंड यांना आढळले. प्रत्येक स्थलांतरानंतर यादीतले नाव जुन्या पत्त्यावर राहते. नव्याने नोंदवायचे तर नव्या पत्त्याचा कागद हवा: विजेचे बिल, बँकेचे पत्र, भाडेकरार. बहिणीच्या घरी सोफ्यावर झोपणाऱ्या माणसाच्या नावाने विजेचे बिल येत नसते. माझ्या मते मिल्वॉकीच्या मतदानाचा प्रश्न हा निवडणूक खात्याचा आहे, त्याहून अधिक तो घरभाड्याचा आहे.

दुसरी गोष्ट तुरुंगाची. २०१०च्या जनगणनेच्या आधारे तिथल्या विद्यापीठातील अभ्यासकांनी दाखवून दिले, की विस्कॉन्सिनमध्ये काम करण्याच्या वयाच्या कृष्णवर्णीय पुरुषांपैकी जवळजवळ आठांत एक तुरुंगात होता, आणि हे प्रमाण देशात सर्वाधिक होते. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेला माणूस सुटून घरी आला तरी देखरेखीचा काळ संपेपर्यंत त्याला मत नाही. तो संपला की हक्क आपोआप परत मिळतो. पण हे किती जणांना ठाऊक असते? शंका असलेला माणूस पुन्हा पोलिसांच्या भानगडीत पडण्यापेक्षा घरी बसणे पसंत करतो.

ओळखपत्राच्या कायद्याने नेमके किती लोक अडवले, यावर तिथे पक्षनिहाय दोन उत्तरे तयार असतात. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे राज्यशास्त्रज्ञ केनेथ मायर यांनी २०१६मध्ये मत न दिलेल्या नोंदणीकृत मतदारांची मिल्वॉकी आणि डेन या दोन काउंट्यांत पाहणी केली. त्यांतल्या सुमारे ११ टक्क्यांच्या न जाण्यात कायद्याचा काही ना काही वाटा होता. तेच मुख्य कारण असलेले मात्र फार थोडे होते. कायद्याचा परिणाम नाही म्हणणारे आणि सारा दोष कायद्यावर ढकलणारे, दोघांनाही हा अभ्यास अडचणीचा आहे.

कारण डेमोक्रॅटिक पक्षालाही येथे उत्तर द्यावे लागते. २०१६च्या मुख्य प्रचारात क्लिंटन विस्कॉन्सिनला एकदाही फिरकल्या नाहीत. निवडणुकीनंतर न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहर उत्तर मिल्वॉकीतल्या केशकर्तनालयात जाऊन बसल्या, तेव्हा मत न दिल्याची खंत करणारे त्यांना फारसे भेटले नाहीत. दोन्ही उमेदवार नकोसे, आणि ओबामांच्या आठ वर्षांत आपल्या गल्लीत काय बदलले, हा प्रश्न. ज्याची मते हमखास आपलीच, त्याच्या दारात जायची गरज काय, असे पक्षाला वाटते. आणि जो हमखास येतो किंवा कधीच येत नाही, त्याच्यासाठी मी रांगेत का उभा राहू, असे मतदाराला. या हिशेबात चूक कोणाची म्हणायची?

मत वाया जाते ही भावना तरी काल्पनिक होती का? २०११मध्ये रिपब्लिकन पक्षाने विधिमंडळाच्या मतदारसंघांच्या सीमा अशा आखल्या, की शहरांतली डेमोक्रॅटिक मते मोजक्या जागांत कोंबली गेली. २०१८मध्ये त्या पक्षाला राज्यभरात विधानसभेची सुमारे ५३ टक्के मते मिळाली आणि ९९पैकी जागा मिळाल्या ३६. त्याच दिवशी गव्हर्नरपद मात्र गेले डेमोक्रॅटिक टोनी एव्हर्स यांच्याकडे, कारण तिथे सीमा नसतात, सगळी मते एकत्र मोजतात. मध्यरात्रीनंतर मिल्वॉकीची टपाली व आगाऊ मते मोजून आली तेव्हा एव्हर्स पुढे गेले.

ही मध्यरात्रीची मोजणी हेही एक स्वतंत्र प्रकरण होऊन बसले आहे. मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी आगाऊ मतांची पाकिटे उघडायला कायद्याची मनाई आहे. मिल्वॉकीत ती सारी एका मध्यवर्ती ठिकाणी मोजतात, त्यामुळे शहराचा मोठा आकडा उत्तररात्री एकदम जाहीर होतो. २०२०मध्ये रात्री ट्रम्प पुढे होते, पहाटे बायडेन पुढे गेले आणि लबाडीचा आरोप झाला. ट्रम्प यांच्या बाजूने ३० लाख डॉलर भरून मिल्वॉकी आणि डेन काउंट्यांत फेरमोजणी करून घेतली. तिच्यात बायडेन यांची आघाडी ८७ मतांनी वाढली! पाकिटे आधी उघडू द्या, ही साधी सुधारणा त्यानंतरही विधिमंडळात अडली आणि २०२४ची अध्यक्षीय निवडणूकही जुन्याच नियमाने झाली.

पण २०२०चा खरा धडा वेगळा आहे आणि तो शहराला सुखावणारा नाही. बायडेन यांनी विस्कॉन्सिन २० हजार ६८२ मतांनी परत मिळवले, म्हणून मिल्वॉकी जागे झाले असे लिहिले गेले. प्रत्यक्षात शहरात २०१२मध्ये २ लाख ८० हजारांहून अधिक मते पडली होती. २०१६मध्ये ती सुमारे अडीच लाखांवर आली आणि २०२०मध्येही तिथेच राहिली. राज्याचे एकूण मतदान मात्र सुमारे ३० लाखांवरून ३३ लाखांवर गेले. बायडेन यांना तारले ते मॅडिसन या राजधानीच्या डेन काउंटीने आणि रॉम्नींच्या काळातल्या रिपब्लिकन उपनगरांनी. ओझॉकीत रॉम्नींना मतांचा जवळजवळ दोन-तृतीयांश वाटा होता, ट्रम्प यांना ५५ टक्क्यांच्या आसपास. डेन काउंटीची लोकसंख्या ५ लाख ६१ हजार, मिल्वॉकी काउंटीची ९ लाख ३९ हजार. तरी २०२०मध्ये दोन्ही काउंट्यांनी बायडेन यांना दिलेली आघाडी जवळजवळ सारखी होती. २०२४मध्ये डेन पुढे गेले, आणि कमला हॅरिस राज्यात २९ हजार ३९७ मतांनी हरल्या. त्याच उन्हाळ्यात रिपब्लिकन पक्षाने आपले राष्ट्रीय अधिवेशन भरवले होते मिल्वॉकीतच. २०२०मध्ये डेमोक्रॅटिक पक्षानेही हेच शहर निवडले होते, पण कोविडमुळे ते अधिवेशन पडद्यावरच पार पडले.

कोविडच्या आठवणीत मिल्वॉकीकरांच्या मनात ७ एप्रिल २०२० हा दिवस पक्का आहे. मतदान पुढे ढकलण्याचा एव्हर्स यांचा आदेश राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आदल्या दिवशी रद्द केला. एरवी शहरात १८०च्या आसपास केंद्रे असतात. कर्मचारी मिळेनात म्हणून त्या दिवशी उघडली फक्त पाच. माणसे मुखपट्ट्या लावून, एकमेकांपासून अंतर ठेवून तासन् तास उभी राहिली. मतदानाला उदासीन म्हणून ज्यांची नोंद आहे, त्यांच्यातलीच ही माणसे.

ती निवडणूक होती राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाची. तिथे न्यायाधीश लोक निवडतात आणि ही निवडणूक एप्रिलमध्ये, नगरपरिषदेच्या निवडणुकीच्या सुमारास होते. एकेकाळी तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे. २०२३मध्ये मिल्वॉकीच्याच न्यायाधीश जॅनेट प्रोटासिविच निवडून आल्या, न्यायालयाचे बहुमत बदलले आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाच्या त्या वाकड्या सीमा रद्द झाल्या. २०२४मध्ये नव्या सीमांवर निवडणूक झाली. विधानसभा रिपब्लिकन पक्षाकडेच राहिली, पण ५४ विरुद्ध ४५ अशी.

एप्रिल २०२५मध्ये पुन्हा अशीच निवडणूक आली. इलॉन मस्क यांनी रिपब्लिकन पसंतीच्या ब्रॅड शिमेल यांच्यासाठी अफाट पैसा ओतला, आणि सुझन क्रॉफर्ड सुमारे दहा टक्क्यांच्या फरकाने जिंकल्या. त्याच मतपत्रिकेवर ओळखपत्राची सक्ती राज्यघटनेत घालावी का, हाही प्रश्न होता आणि सुमारे ६३ टक्के मतदारांनी होकार दिला. म्हणजे उदारमतवादी न्यायाधीश निवडणाऱ्यांपैकी पुष्कळांना ओळखपत्रात वावगे काही वाटत नाही, ही गोष्ट डेमोक्रॅटिक पुढाऱ्यांनी मनावर घेतलेली दिसत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मिल्वॉकीतल्या सात केंद्रांवरच्या मतपत्रिका संपल्या. एप्रिलच्या निवडणुकीला इतके लोक येतील असे अधिकाऱ्यांनी धरलेच नव्हते. जादा मतपत्रिका येईपर्यंत रांगेतले लोक तसेच उभे होते.